एका तासात एकच पत्र

मंडळाचा न्यूज सर्व्हर मी सांभाळायला घेतला त्याला आता सात वर्षं झाली. नाव न्यूज सर्व्हर असलं तरी त्यावर बातम्या फार कमी असतात. ही एक जुनी पद्धत आहे. सभासद विषयवार पत्रं लिहितात, ती एका यंत्रात साठतात, बाकीचे आपापल्या सवडीनं वाचतात आणि उत्तरं देतात. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, नुसती अक्षरं. जगानं ही पद्धत केव्हाच सोडली. आमच्या मंडळानं सोडली नाही, कारण मंडळातले जवळपास सगळे सभासद अंध आहेत. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरंच हवी असतात. मोबाइलवरच्या नव्या ॲपमध्ये एक पत्र ऐकायचं तर आधी वीस बटणांची नावं ऐकावी लागतात, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे.

मंडळ काकांनी सुरू केलं. काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नाहीत. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नवव्या वर्षी दृष्टी गेली. औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. कॉलेजात असताना मी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला जायचे, तिथं त्यांची ओळख झाली. पुढं मी पुण्याच्या एका कंपनीत लागले, लग्न होऊन परत इथं आले, घरूनच काम करू लागले. एका रविवारी काका म्हणाले, "पोरी, यंत्र सांभाळणारा गेला बंगलोरला. तू बघशील का?" मी हो म्हणाले.

जुनं यंत्र काकांच्या टेबलाखाली होतं. उन्हाळ्यात ते इतकं तापायचं की काका पाय वर घेऊन बसायचे. वीज गेली की बंद पडायचं, आणि परत सुरू झाल्यावर अर्धा तास स्वतःशीच काहीतरी तपासत बसायचं. शेवटी त्याची डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा मी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला.

हा मित्र देवगाव रंगारीचा. इंजिनिअरिंगला आम्ही एकाच बाकावर चार वर्षं काढली. तोही पुण्यात होता, पण वडील आजारी पडले तेव्हा गावी परतला आणि राहिला. कापूस आणि अद्रक करतो, दुपारी परदेशातल्या एका कंपनीचं काम करतो, आणि उरलेल्या वेळात फुकट एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो. एकटा नाही. वेगवेगळ्या देशांतले तीस-चाळीस लोक मिळून लिहितात. यंत्र सुरू झाल्यापासून त्याचा सगळा कारभार जी बघते ती ऑपरेटिंग सिस्टीम. जगात गाजलेल्या अशा सिस्टीम तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांच्या आहेत. यांची जेमतेम चार वर्षांची होती.

"लई हलकी हाय," तो फोनवर म्हणाला. "तळहाताएवढ्या बोर्डावर चालती. बॅटरीवर रात्रभर टिकंल. काकांचे पाय भाजायचे नाय."

दुसऱ्या आठवड्यात तो बोर्ड, म्हणजे तेवढाच एक चिमुकला संगणक, घेऊन स्वतः आला. काकांनी बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "एवढ्यात मावेल सगळं मंडळ?"

"मावंल काका. अजून चार मंडळं मावतील."

न्यूज सर्व्हरचा प्रोग्रॅम मी त्या सिस्टीमसाठी नव्यानं लिहिला. इथं थोडं थांबून कंपायलर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. मी जो प्रोग्रॅम लिहिते तो माणसाला वाचता येतो, यंत्राला नाही. यंत्राला त्याच्या भाषेतल्या सूचना लागतात. माझं लिखाण घेऊन त्या सूचना तयार करणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. त्याला सांगता येतं, जसंच्या तसं भाषांतर कर. किंवा सांगता येतं, थोडं डोकं चालव, फालतू पावलं गाळ आणि वेग वाढव. त्या बोर्डासाठीच्या कंपायलरचा बराचसा भाग माझ्या मित्रानंच लिहिला होता.

कॉलेजात यानंच मला शिकवलं होतं, की प्रोग्रॅम चुकला तर कंपायलरवर संशय घ्यायचा नसतो. दहा वेळा आपलं लिखाण बघायचं. दहाव्यांदाही सापडलं नाही तर अकराव्यांदा बघायचं. धंद्यातले सगळेच हे मानतात, आणि जुन्या कंपायलरांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. लाखो लोकांनी वापरून वापरून ते घासून गुळगुळीत केलेले असतात. चार वर्षांच्या सिस्टीमच्या कंपायलरला तेवढी माणसं मिळालेली नसतात, हे मला समजत होतं, पण जाणवलं नव्हतं.

मी सगळ्या चाचण्या जसंच्या तसं भाषांतर करून घेतल्या. सगळं नीट चाललं. काकांकडं बसवताना मात्र वेग वाढवायची सूचना दिली, जुनी पत्रं नकलून घेतली, एक पत्र टाकून बघितलं, ते दिसलं, आणि चहा पिऊन मी घरी आले. त्या दिवशी मी फार खूश होते.

पाच-सहा आठवडे गेले. दोघा-तिघांनी म्हटलं की उत्तर पाठवलं ते दिसत नाही. मी त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं. मग एका रविवारी गेले तर काका खिडकीशी बसलेले. रेडिओ बंद. त्यांचा रेडिओ मी बंद असा कधी बघितला नव्हता.

"वैजापूरच्या बाई मंडळ सोडून गेल्या," ते म्हणाले.

वैजापूरच्या बाई म्हणजे संगीताच्या शिक्षिका. जन्मापासून अंध, भावाच्या कुटुंबात राहतात, एका शाळेत पेटी शिकवतात. मंडळाच्या पहिल्या दहा सभासदांतल्या. महिन्यापूर्वी त्यांची आई गेली होती. त्यांनी मंडळावर तीनच ओळी लिहिल्या होत्या: आई गेली, सध्या फोनवर बोलणं होणार नाही, पण पत्रं वाचत जाईन.

"सोडून का गेल्या?"

"कुणाकडून तरी निरोप आला. म्हणे, माझी आई गेली तरी मंडळात कुणाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही, मग मी तिथं राहून काय करू." मग म्हणाले, "पोरी, मी स्वतः लिहिलं होतं. त्याच दिवशी, आठच्या बातम्या झाल्यावर. माझं पत्र कुठं आहे, बघ बरं जरा."

मी बघितलं. त्यांचं पत्र नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी आठ ते नऊच्या दरम्यान मंडळावर एकच पत्र आलेलं दिसत होतं. एका सभासदानं विचारलं होतं, साधारण किमतीत कुठला मोबाइल घ्यावा. बाईंच्या तीन ओळींच्या खाली तेवढंच होतं.

काकांनी एकेकाला फोन लावले. त्यांना सगळ्यांचे नंबर पाठ आहेत. मी शेजारी बसून ऐकत होते. प्रत्येक जण तेच सांगत होता: लिहिलं होतं की, त्याच संध्याकाळी आठनंतर, पोचल्याचंही आलं होतं. फोन संपेपर्यंत चौदा जण झाले.

घरी आले आणि माझ्या लिखाणाला लागले. चूक माझीच, याबद्दल मला शंका नव्हती. नऊ दिवस मी कंपनीचं काम उरकून रोज चार-पाच तास तेच वाचत होते. माझ्या घरच्या यंत्रावर प्रोग्रॅम अगदी नीट चालायचा. बोर्डावर चालवला की पत्रं गाळायचा. नेमकं कुठं गळतंय हे बघायला मी मधेच 'इथपर्यंत आलो' असं छापणारी एक ओळ घातली, तर गळणं थांबलं. ओळ काढली, पुन्हा सुरू. डॉक्टरांच्या दारात गेलं की दुखणं थांबावं तसं. नवऱ्यानं एकदा विचारलं, काय झालंय, मी म्हणाले, काही नाही, आणि मग उगाच मुलीवर ओरडले.

दहाव्या दिवशी मी वेग वाढवायची सूचना काढून प्रोग्रॅम तयार केला. एकही पत्र गळलं नाही. सूचना परत दिली, गळायला लागली. मग मी प्रोग्रॅम कापत गेले. जे काढलं तरी गळणं राहतं ते काढायचं. शेवटी बारा ओळी उरल्या. त्या बारा ओळींत दोन वेगवेगळे शब्द होते आणि एकच प्रश्न होता: हे दोन्ही सारखे आहेत का? यंत्र म्हणत होतं, हो.

गोष्ट अशी होती. मंडळातल्या प्रत्येक पत्राला सोळा आकड्यांची खूण असते. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि तास. पुढचे आठ म्हणजे मिनिट, सेकंद आणि सभासदाचा नंबर. नवं पत्र आलं की सर्व्हर खूण तपासतो. हीच खूण आधी असली, तर तेच पत्र दुसऱ्यांदा आलं असं समजून टाकून देतो. वेग वाढवताना कंपायलरनं सोळापैकी पहिले आठच आकडे ताडून बघायचे ठरवलं होतं. एका तासात आलेली सगळी पत्रं त्याला एकच वाटत होती. पहिलं ठेवायचा, बाकीची फेकायचा. एरवी मंडळात दिवसाला पाच-सात पत्रं, इकडं तिकडं विखुरलेली, म्हणून फारसं कळलं नाही. ज्या दिवशी सगळ्यांनी एकदम लिहिलं, त्याच दिवशी सगळं गेलं.

आणि एक गोष्ट निखालस माझी होती. पत्र टाकून देताना सर्व्हरनं पाठवणाऱ्याला काय कळवायचं, हे मी ठरवलं होतं. मी लिहिलं होतं: 'पत्र पोचलं'. आधीचं असेल तर पोचलेलंच आहे, उगाच घोळ नको, असा विचार केला होता. त्या दोन शब्दांमुळं चौदा जण निश्चिंत झोपले.

मित्राला त्या बारा ओळी पाठवल्या. तीन दिवस उत्तर नाही. अशा सिस्टीमच्या चुका सगळ्यांसमोर, एका जाहीर यादीत नोंदवायच्या असतात. मी दोनदा नोंद लिहिली आणि दोनदा पुसली. मला ती त्याला आधी तोंडानं सांगायची होती. चौथ्या दिवशी सुट्टी काढून मी एसटीत बसले.

कसाबखेड्याच्या पुढं गेल्यावर त्याचा फोन आला. "अद्रक काढणी चालूय गं. फोन बघितलाच नाय. तू कुठंयस?"

"तुझ्याच गावाकडं येतेय."

फाट्यावर घ्यायला आला. हाताला माती होती, ती त्यानं पँटला पुसली. घरी त्याच्या आईनं आधी जेवायला बसवलं. जेवण होईपर्यंत मी काही बोलले नाही. मग त्याच्या खोलीत संगणकावर त्या बारा ओळी उघडल्या. त्यानं कंपायलरनं काढलेल्या सूचना पडद्यावर आणल्या आणि वरून खाली वाचल्या. परत वाचल्या. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"ही माझी हाय," तो म्हणाला.

मी ती जागा बघितली.

"हे मी दवाखान्यात लिव्हलंय. बापूंच्या खाटंशेजारी बसून. दुसरं काही सुचत नव्हतं तवा." तो पडद्याकडंच बघत होता. "चाचणीबी लिव्हली व्हती. पण चाचणीतले शब्द पहिल्याच अक्षराला वेगळे व्हते. पुढचा अर्धा कधी तपासलाच गेला नाय."

त्याचे वडील त्याच दवाखान्यात गेले, हे मला माहीत होतं.

"किती पत्रं गेली?" त्यानं विचारलं.

"नेमकं माहीत नाही. शंभराच्या आसपास असतील." मग मी त्याला वैजापूरच्या बाईंचं सांगितलं. ते सांगताना त्याच्याकडं बघणं मला जमलं नाही. त्याला हे सांगू नये असं एसटीत ठरवलं होतं, पण लपवून ठेवायचा अधिकार मला नव्हता असं तिथं बसल्यावर वाटलं.

तो उठून बाहेर गेला. ओट्यावर अद्रकाची पोती लावलेली होती, त्यांच्याशी उगाच काहीतरी करत राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "पाठवणाऱ्यांच्या मोबाइलात पाठवलेलं पत्र राहतं का?"

"राहतं."

"मग सगळी गोळा करता येतील."

दुरुस्ती दोन ओळींची होती. ती त्यानं माझ्यासमोर केली आणि जाहीर यादीत आपल्या नावानिशी लिहिलं, चूक काय होती, कधीपासून होती, आणि तिच्यापायी काही लोकांची पत्रं हरवली. मी म्हणाले, शेवटचं वाक्य लिहायची गरज नाही. त्यानं ते ठेवलं. पुढच्या दोन दिवसांत बहुतेकांनी आभार मानले. एकानं मात्र लिहिलं, की असा कंपायलर बाहेर सोडणाऱ्याला लाज वाटायला हवी. त्यावर मी मोठं भांडखोर उत्तर लिहिलं. मित्रच मला म्हणाला, "राहू दे. बरोबरंय त्याचं."

पत्रं गोळा करायला सहा दिवस लागले. काका फोनवरून एकेका सभासदाला पाठवलेल्या पत्रांपर्यंत कसं जायचं ते शिकवायचे, न कंटाळता, तीस वर्षं बँकेत लोकांचे फोन जोडले तसं. चौदापैकी तेरा मिळाली. एका आजोबांचा मोबाइल मधेच बदलला होता. त्यांना म्हटलं, परत लिहून द्या. ते म्हणाले, "नाही हो. तेव्हा जे वाटलं ते तेव्हा लिहिलं. आता लिहिलं तर बनवलेलं होईल."

बाई काकांचा फोन घेत नव्हत्या. म्हणून एका शनिवारी मित्र आपली पिकअप घेऊन शहरात आला, काकांना मधे बसवलं, आणि आम्ही तिघं वैजापूरला गेलो. रस्ताभर काका मित्राला अद्रकाबद्दल विचारत होते. कंपायलरचा विषय त्यांनी काढला नाही.

बाईंच्या भावानं दार उघडलं. बाई पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या, पेटी कापडानं झाकलेली. काकांचा आवाज ऐकून त्या उठल्या नाहीत.

"एवढ्या लांब कशाला आलात?" त्या म्हणाल्या.

"तुमची पत्रं द्यायची राहिली होती," काका म्हणाले.

मी सांगायला सुरुवात केली, पण मित्रानं मला थांबवलं. "बाई, चूक माझी व्हती," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. खुणा, आठ आकडे, फेकलेली पत्रं. 'पत्र पोचलं' हे दोन शब्द माझे होते, ते मी सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांनी लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"चौदा जणांनी. तेरा आणलीत," मी म्हणाले. "वाचू?"

"तुम्ही नको. यंत्रानंही नको. यांना वाचू द्या." त्यांनी मित्राच्या आवाजाच्या दिशेला हात केला.

त्यानं वाचली. त्याला मोठ्यानं वाचायची सवय नाही. तिसऱ्या पत्रात एका बाईनं लिहिलं होतं, की तुमच्या आईच्या हातचा शिरा मी एकदा खाल्लाय, तिनं बेदाणे मोजून माझ्या बोटांवर ठेवले होते. तिथं तो अडखळला. वैजापूरच्या बाई म्हणाल्या, "व्हय, ती तसंच द्यायची. वाचा पुढं." काकांचं पत्र शेवटचं होतं. ते वाचून होईपर्यंत काका खाली मान घालून बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाचं ऐकतायत.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्या त्या कंपायलरवर कुणी आधी संशय का नाही घेतला?"

"कुणी घेत नाही," मी म्हणाले. "आपलंच चुकलं असं धरून चालतो."

"माझ्याकडं एक मुलगी शिकायला होती," त्या म्हणाल्या. "वरचा गंधार दरवेळी कमी लावायची. मी रोज बोलायचे तिला. कान नाही तुला, म्हणाले. महिनाभर. मग पेटी दुरुस्तीला दिली, तर दुरुस्तीवाला म्हणाला, या पट्टीचा सूरच उतरलाय. ती पेटीच्याच सुरात गात होती." त्यांनी पेटीवरचं कापड नीट केलं. "तोवर तिनं येणं सोडलं होतं. मी तिच्या घरी गेले नाही. तुम्ही आलात, हे बरं केलंत."

चहा आला. निघताना मित्रानं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वडील कधी गेले?" त्यानं सांगितलं. वडिलांचं त्यांना त्याच्या वाचतानाच्या आवाजावरून कळलं, की काकांनी आधी कुणाकरवी कळवलं होतं, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही.

बाई लगेच परत आल्या नाहीत. दोन महिने गेले. या दोन महिन्यांत मी सर्व्हर वेग न वाढवताच चालवला. मित्र म्हणायचा, आता दुरुस्त झालंय, चालू कर. मला त्याच्यावर विश्वास आहे, पण मंडळाला वेगाची घाई नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याला वाईट वाटलं असावं. पुढं त्यानं त्या भागासाठी दोनशेवर नव्या चाचण्या लिहिल्या आणि एका रविवारी मला त्या एकेक करून दाखवल्या. संध्याकाळी मी सूचना परत दिली. तो शेजारीच बसला होता.

नंतर एकदा बाईंचं पत्र आलं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कुणाला चांगल्या तबलजीचं नाव माहीत आहे का, एवढंच. तासाभरात नऊ उत्तरं आली. मी नऊही मोजली.

आता पत्र खरोखर साठवलं गेलं तरच सर्व्हर तसं कळवतो, त्यातल्या पहिल्या ओळीसकट. म्हणजे तुम्ही लिहिलेली पहिली ओळ तुम्हाला परत ऐकवली जाते. सभासदांना याचा कंटाळा येतो. आपलंच काय ऐकायचं, म्हणतात, बंद करा ते. काकांनी दोनदा तसा निरोपही दिला. मी म्हणते, बघते, आणि ते तसंच ठेवते.